लहानीच्या डोक्याचं चित्र

बहिणीच्या डोक्यातून रक्त कसं धावतं ते मी आधी ऐकलं. पाहिलं बरंच नंतर.

ती तेव्हा आठ वर्षांची होती. घरात तिला सगळे लहानीच म्हणतात, मी इथंही तेच म्हणते. नागपूरच्या एका दवाखान्यात तिला पलंगावर निजवलं, कानशिलाला थंडगार जेली लावली आणि डॉक्टरीणबाईंनी पेनाएवढी एक दांडी तिथं टेकवली. सोनोग्राफीच ती, पण डोक्याची. पडद्यावर डोंगरांच्या रांगेसारख्या रेघा उठू लागल्या. बाईंनी आवाज वाढवला आणि खोलीभर सप्-सप्-सप् असं काहीतरी घाईघाईनं पळायला लागलं.

माय कोपऱ्यात पिशवी छातीशी धरून उभी होती. ती एकदम म्हणाली, "अवो मॅडम, हा तर धोट्याचा आवाज हाये."

आमच्या घरी माग आहे. भंडाऱ्यातल्या आमच्या गल्लीत आता मोजकेच उरलेत, त्यातला एक. बाबा ताणा, म्हणजे उभं सूत, बांधतात, बाजार पाहतात, विणते माय. मागावर ताणलेल्या सुतांमधून लाकडी धोटा आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळतो, दिवसभर. आम्ही दोघी बहिणी त्या आवाजात जन्मलो, त्यातच अभ्यास केला, त्यातच झोपलो. त्यामुळे माय जे बोलली त्यात मला काही विशेष वाटलं नाही. डॉक्टरीणबाईंना वाटलं असावं. त्या हसल्या, मग गंभीर झाल्या.

"तसंच समजा," त्या म्हणाल्या. "फक्त हा धोटा फार जोरात पळून राहिला. रस्ता अरुंद झाला की रक्त असं पळतं. डोक्यातली नळी बारीक होत चालली आहे."

"मंग?" माय म्हणाली.

"मग एखाद्या दिवशी अडकू शकतं."

लहानी पलंगावरून म्हणाली, "मले उठू द्या ना, जेली कानात चालली."

लहानीला सिकलसेल आहे. आहे म्हणू की होता म्हणू, ते पुढे येईल. रक्तातल्या गोल पेशी वाकतात, विळ्यासारख्या होतात, एकमेकींत गुंततात, आणि जिथं गुंततात तिथं दुखतं. हाडात, पोटात, छातीत. आणि कधी डोक्यात. धानाच्या आमच्या जिल्ह्यात विळा काय असतो ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून आमच्या पत्रकावर विळ्याचं चित्र असतं.

हो, मी सिकलसेलवर काम करणाऱ्या एका गटात आहे, पत्रकं वाटते. लिहितेही. लग्न ठरवण्याआधी दोघांचं रक्त तपासा, बाकी सगळं नंतर, एवढंच आमचं म्हणणं. पत्रक लिहिण्याची एक शिस्त असते: वाक्य आखूड, शब्द ओळखीचा, आणि राग असेल तर तो लपवायचा नाही. मला राग आहे. पोरीचं लग्न मोडेल म्हणून पोरीचं दुखणं झाकायचं, आणि ती कळवळली की तिलाच नाटकी म्हणायचं, ह्याचा राग आहे. "अशक्तपणा आहे, गूळ-शेंगदाणे द्या" म्हणून वर्षानुवर्षं वाटेला लावणाऱ्यांचा राग आहे. तो कमी करण्याचा माझा विचार नाही.

एकदा आंबागडला गेले होते. किल्ल्याच्या पायथ्याशी गाव, बायका नुकत्याच जंगलातून मोळ्या घेऊन आलेल्या. मी बोलत होते आणि एक म्हातारी पदरानं घाम पुसत माझ्याकडे टक लावून बघत होती. मध्येच म्हणाली, "काहून वो पोरी, तुह्या घरी हाये काय हे?"

"हाये. माह्या बहिणीले हाये. अन् अर्धं माह्यातही हाये. मले दुखत नाही, पण माह्याकडून पुढं जाऊ शकते."

"अगं बाई. मंग तुह्यासंग लगन कोण करन?"

"त्याचं रक्त तपासल्यावर सांगतो, आजी."

बायका खो-खो हसल्या. म्हातारीही हसली. रक्त तपासायला सगळ्यांत आधी बोट पुढे केलं ते तिनंच. "टोच," म्हणाली, "माहं तर होऊन गेलं लगन. पण नातीले सांगाले होईन."

घरी मात्र माझा असा काही रुबाब चालायचा नाही. लहानी मला "पत्रकवाली" म्हणायची. तापानं फणफणलेली असली तरी म्हणायची. "माय, पत्रकवालीले सांग, भाषण बाहेर कर, माहं डोकं दुखून राहिलं."

त्या सप्-सप् आवाजानंतर तिला दर महिन्याला रक्त चढवायला सुरुवात झाली. तरीही पुढच्या वर्षी ते घडलंच. दुपारची वेळ. माय मागावर होती आणि लहानी शेजारी बसून रहाटावर कांड्या भरत होती. धोट्यात बसतं ते सुताचं छोटं रीळ म्हणजे कांडी. मागवाल्यांच्या घरात ती पोरंच भरतात. तिच्या डाव्या हातातली कांडी पडली. तिनं उचलली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तिनं उचलायला हात नेला तर हात कांडीपर्यंत गेला आणि बोटं मिटलीच नाहीत. ती हसली. आधी तिला गंमतच वाटली.

माग थांबला. मायनं पाय मागाखालच्या पावड्यांवरून काढून घेतले. तो माग मग कितीतरी दिवस तसाच राहिला, अर्धं लुगडं पोटाशी घेऊन.

तेव्हा मी ते रक्त पहिल्यांदा पाहिलं. एमआरआयचं चित्र. पांढऱ्या-करड्या मेंदूत उजवीकडे तांदळाच्या कणीएवढा एक उजळ ठिपका. तेवढा भाग रक्तावाचून मेला होता. दुसऱ्या चित्रात नुसत्याच नळ्या, पानझडीतल्या झाडासारख्या, आणि एका ठिकाणी फांदी सुतासारखी बारीक. डॉक्टरीणबाई पेन्सिलीच्या टोकानं दाखवत होत्या. बोटं हळूहळू परत चालतील, म्हणाल्या. पण दुसरा ठिपका कुठं पडेल ते कोणी सांगू शकत नाही.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमचं रक्त जुळवून पाहायचं का?"

जुळलं. माझ्या हाडातला मगज तिच्या हाडात जाणार, तो तिथं रुजणार, आणि तिच्या अंगात रक्त बनवायचं काम माझ्या पेशी करणार, असं ते. मी वाहक असले तरी चालेल, म्हणाले. निदान माझ्या पेशी वाकून गुंतत तर नाहीत. ह्याला मूळपेशींचं प्रत्यारोपण म्हणतात. मदत कुठून-कुठून उभी केली ते इथं लिहीत नाही. ते माझ्या भाषणांमध्ये असतं. बाबांनी फक्त एकच विचारलं, "मोठीले काही होणार नाही ना?" मोठी म्हणजे मी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याबद्दल असं माझ्यासमोर विचारलं, आणि मला कुठं बघावं ते कळेना.

दूरच्या शहरातल्या दवाखान्यात काचेच्या खोलीत लहानी राहिली. आधी औषधांनी तिचा जुना मगज पार साफ केला. केस गेले. उशीवर, टॉवेलवर, भिंतीवर चिकटलेले केस माय एकेक करून वेचायची, जणू मागावरचं तुटलेलं सूत. मग एका सकाळी माझ्या कंबरेच्या हाडातून काढलेल्या मगजाची लाल पिशवी तिच्या नळीला लावली. एवढाच तो सोहळा. सलाइनसारखं थेंब-थेंब गेलं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल. मी काचेबाहेर कंबर धरून वाकडी उभी होते, आणि लहानी आतून फोनवर म्हणाली, "ताई, तुह्यासारखा म्हशीसारखा चालायचा रोग तर लागणार नाही ना मले?"

"लागन. आणि तोंडही माह्यासारखंच होईन."

"बापरे. मंग माहं लगन कोण करन?"

आंबागडची गोष्ट तिला मीच सांगितली होती.

माझ्या पेशी रुजल्या. ते रक्ताच्या तपासण्यांत कळलं. पण रक्त बदललं म्हणून डोक्यातल्या नळ्या सुधारतात असं नाही, ते वेगळं पाहावं लागतं. कधी सुधारतात, कधी तशाच राहतात, कधी रोगानं एकदा खराब केलेली नळी बारीकच होत जाते. म्हणून वर्ष झालं की एमआरआय करायचा, असं सांगितलेलं. तोवर आम्ही घरी. लहानी रागावली की माय म्हणायची, "मोठीचं रक्त बोलून राहिलं." लहानीनं शाळेत बाईंशी वाद घातला, तेव्हाही हेच. एकदा तिनं तिखट मागितलं, जे ती कधी खात नव्हती, तर बाबा आणि माय एकमेकांकडे बघत राहिले. मला मात्र तिच्या डोळ्यांचा पिवळेपणा गेलेला दिसायचा. जन्मापासून तिचे डोळे हळदीसारखे होते. आता पांढरेशुभ्र. मी रोज सकाळी चोरून बघायची.

आणि केस. केस आले. आधी लव, मग काथ्यासारखे ताठ, मग कुरळे. पूर्वी सरळ होते, आता कुरळे. माय त्यांना तेल लावायची आणि वाट बघायची. कशाची, ते मला माहीत होतं.

आमच्या घरची एक रीत आहे. मागावर नवा ताणा चढला, की त्यातलं पहिलं लुगडं विणून होईपर्यंत काठाच्या जरीचा एक दोरा बाजूला ठेवायचा, आणि तो घरातल्या पोरीच्या वेणीत गुंफायचा. लुगडं दुसरीच कोणी नेसणार, पण त्याची जर आधी आपल्या पोरीच्या अंगाला लागली पाहिजे. माझ्याही वेणीत असायची. मी कॉलेजात जाऊन केस कापले तेव्हा माय तीन दिवस बोलली नव्हती, ते ह्याचसाठी. लहानीचे केस गेल्यापासून मायनं नवा ताणा झाला की दोरा बाजूला काढून ठेवलेला, प्रत्येक वेळी, आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा रिळाला गुंडाळलेला.

एमआरआयची तारीख जवळ आली होती तेव्हाच पेला पडला.

स्टीलचा पेला, पाण्याचा, तिच्या डाव्या हातातून. आवाज केवढा झाला! मागाच्या खोलीत माग थांबला. माय दारात आली. बाबा अंगणातून आत आले. मी हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन तशीच. लहानीनं पेला उचलला, डाव्याच हातानं, मुद्दाम, आणि आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीनं बघून म्हणाली, "काय झालं? तुमच्या हातून पडत नाही काय कधी?"

पण त्या आठवड्यात चमचाही पडला. आणि पेनही, जे ती डाव्या हातात उगाच फिरवत बसते. आता एमआरआय म्हणजे वार्षिक तपासणी राहिली नव्हती. डोक्यात दुसरा ठिपका पडला का, माझं रक्त तिला वाचवू शकलं की नाही, ते त्या चित्रात दिसणार होतं. मी रात्री पत्रकं घडी घालत बसायची आणि घडी चुकायची.

नागपूरला जायच्या आदल्या संध्याकाळी मायनं लहानीला ओट्यावर बसवलं आणि तिची वेणी घातली. प्रत्यारोपणानंतरची पहिली. केस कसेबसे मानेपर्यंत. वेणी ती कसली, बोटभर शेपटी. दोरा टिकेना, सारखा निसटे. पूर्वीच्या लांब वेणीत तो नुसता गुंफलेला असायचा, वेणी सोडली की निघायचा. आता मायनं सुई आणली. वेणीच्या प्रत्येक पेडातून जर ओवत गेली, वर घट्ट गाठ, खाली घट्ट गाठ, वरून काळी रिबीन. विणणाऱ्या बाईची गाठ ती. ओढून सुटत नाही. लहानी आरशात मान वाकडी करकरून बघत राहिली. मीही बघितलं. छान दिसत होतं. त्या संध्याकाळी आमच्यापैकी कोणाच्याही मनात दुसरं काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी नागपूरला. बाबा बसस्टँडपर्यंत आले आणि तिथंच थांबले. दवाखान्याचा वास त्यांना सोसत नाही, ते परतीच्या बसची वाट बघत तिथंच उभे राहतात, दिवसभर लागला तरी.

स्कॅन सेंटरमध्ये मशीन चालवणारा दादा तिशीचा असेल. चांगला माणूस. सगळ्यांना विचारतो तसं त्यानं विचारलं, "अंगावर काही धातूचं? बांगडी, कानातलं, पिन, पैंजण, कंबरेला काही? मशीनमध्ये मोठं चुंबक असते, ताई, नीट पाहा."

भंडाऱ्याच्या माणसाला धातू शिकवायचा म्हणजे काय. आमचं गाव पितळेच्या भांड्यांचं. मायनं लहानीच्या कानातलं काढलं, पैंजण काढले, गळ्यातला ताईत काढला, फ्रॉकची मागची चेन लागेल म्हणून फ्रॉकच काढून तिथला झगा घातला. क्लिप काढली. स्वतः आत जायची नव्हती तरी स्वतःची जोडवीही काढून पिशवीत टाकले, न जाणो. दादा म्हणाला, "बस, बस, माय, तुम्ही बाहेरच थांबणार."

दारात लहानीनं माझा हात धरला. "ताई, मागच्या वेळी लय आवाज होता. पॉवरलूमसारखा."

"मंग झोप. आपल्या घरी झोपतच होती ना मागाच्या आवाजात."

तिच्या हातात रबरी फुगा दिला. काही वाटलं तर दाबायचा. मशीन तिला घेऊन आत सरकलं.

आम्ही बाहेर. काचेतून दादाच्या पडद्याचा एक कोपरा मला दिसत होता. चित्र हळूहळू उतरत होतं. कपाळ, डोळे, मेंदूच्या घड्या. मी असली चित्रं पुष्कळ पाहिली होती, आमच्या प्रदर्शनाच्या फलकांवर लावलीही होती. आणि मग मागच्या बाजूला काळं भोक. डोक्याच्या मागचा सगळा भाग कोणी बोटानं पुसून टाकावा तसा नाहीसा, आणि त्या काळ्याच्या कडेनं कवटीची रेघ ओढून-ताणून वाकडी झालेली.

मी काचेला हात टेकवला. मायला पडदा दिसत नव्हता. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला माझं तोंड पुरलं.

"काय दिसून राहिलं? मोठे, बोल ना वो. काय दिसून राहिलं तुले?"

मी नुसतं तिचं मनगट धरलं, जी मी गावोगाव बोलते ती.

तेवढ्यात आतून बझर वाजला. लहानीनं फुगा दाबला होता. दादानं मशीन थांबवलं, तिला बाहेर काढलं. ती उठून बसली आणि मानेवर हात ठेवून म्हणाली, "इथं गरम लागून राहिलं."

दादानं कपाळाला हात लावला. "ताई, कुठंतरी मेटल आहे. चित्र सगळं मागून फाटलं. ते डोक्यातलं नाही, घाबरू नका, बाहेरचं काहीतरी आहे. पिन राहिली का केसात?"

मायनं लहानीची मान वाकवली, रिबीन सोडली. त्या पांढऱ्या झगझगीत दिव्याखाली वेणी चकाकली.

"हे काय आहे?" दादा म्हणाला.

"जर हाये," माय म्हणाली. "सूत."

"माय, ती तार आहे."

"नाही जी. सुतासंगच येते, रिळावर. सुतासंगच ठेवतो आमी."

तीस वर्षं जिनं जर विणली त्या बाईला त्यात धातू असतो हे माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या घरात जर ही सुताच्या घडवंचीवर असते, सुतासारखी भरतात, सुतासारखी ओवतात, सुतासारखी सांधतात. धातू म्हणजे भांडं. मलाही तसंच वाटत होतं, आणि आमच्या पत्रकात एमआरआयसाठी "काय काढून ठेवावं" अशी यादी असते, तिच्यातही जर नव्हती. कोणाच्याच पत्रकात नसते. पत्रकं लिहिणाऱ्यांच्या घरी माग नसतात, आणि ज्या एकीच्या घरी आहे तिलाही हे सुचलं नव्हतं.

दादा बिचारा घड्याळ बघायला लागला. बाहेर माणसं बसलेली. "सोडवा लवकर. नाहीतर पुढची तारीख घ्यावी लागन, ती लांबची मिळते."

माय सोडवायला बसली. पण गाठ तिची होती. सुईनं ओवलेली, पेडापेडातून गेलेली, केस कुरळे, तेलानं निबर. तिनं नखं लावली, दात लावले. गाठ तिच्या बोटांतून निसटत होती. ती बोटं अंधारात तुटलेलं सूत शोधून सांधतात.

मी दादाशी भांडायला तोंड उघडलं. वेळ द्या, पेशंट आहे, माणसं आहात की काय, हे सगळं जिभेवर तयार होतं. बाहेरच्या बाकावरून एक म्हातारबाबा म्हणाले, "होऊ द्या, होऊ द्या, मले काही घाई नाही. माह्या गुडघ्याचं चित्र आहे, गुडघा काही पळून नाही जाऊन राहिला." त्यामुळे माझं भांडण तसंच राहिलं.

गाठ सुटेना. दादानं हळूच कात्री पुढे केली.

मायनं कात्रीकडे बघितलं. मागावर बसणारी बाई सूत कापत नाही. तुटलं तर जोडते. आणि ही तर वेणी. वर्षभर तेल घालून वाढवलेली, पहिली. तिनं कात्री घेतली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोटं गाठीत अडकलेलीच.

"माहीच चूक," ती म्हणत होती. "मीच पोरीच्या डोक्यात तार घातली. मीच."

"माय," लहानी म्हणाली. मान खाली, केस मायच्या हातात. "काप ना वो."

"नाही बाई."

"काप. उगवते मंग. एकदा उगवले ना? आता तर ताईचं रक्त हाये. ताईचे केस तर गवतासारखे वाढते."

माय हसली. रडता रडता नाकातून हसली, आणि तिनं कात्री घेतली. एकदाच कापलं, मुळापासून थोडं वर. ती बोटभर वेणी तिच्या तळहातावर पडली, जरीसकट, आणि तिनं मूठ मिटून घेतली. लहानीनं मागून मानेवर हात फिरवला. "हलकं वाटून राहिलं," म्हणाली, आणि स्वतः होऊन मशीनच्या पलंगावर जाऊन आडवी झाली.

ह्या वेळी मी काचेकडे गेले नाही. मायजवळ बसले. तिची मूठ माझ्या दोन्ही हातांत घेतली. आतून पॉवरलूम वाजत राहिला, थांबायचा, नव्या सुरात वाजायचा. बाक हादरत नव्हता, तरी मला हादरल्यासारखा वाटत होता. म्हातारबाबा आपला गुडघा चोळत आमच्याकडे न बघता बसले होते.

डॉक्टरीणबाईंनी दुपारी चित्रं बघितली. दोन शेजारी-शेजारी लावली, जुनं आणि नवं. लहानीला खुर्ची पडद्याजवळ ओढून दिली. तिचंच डोकं, तिनं बघायला नको?

"हा जुना ठिपका," त्या म्हणाल्या. "हा राहणार. ही खूण आहे, जखम भरल्यावर राहते तशी. आणि हे नवं चित्र. शोधा बरं दुसरा ठिपका."

लहानीनं नाक पडद्याला लावून शोधला. मी शोधला. मायनं लांबून, डोळे बारीक करून.

"नाही हाये," लहानी म्हणाली.

"नाहीच आहे. आणि ही फांदी पाहा. तेव्हा किती होती, आता किती. थोडी भरून आली आहे. निदान बारीक तर झाली नाही."

"मग हातातून काहून पडून राहिलं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच भांडखोर वाटला. "पेला पडला, चमचा पडला."

"जुन्या ठिपक्यामुळे तो हात लवकर थकतो. वर्षभर तुम्ही त्या हाताला काही करू दिलं नसेल. दिलं का?"

खरं होतं. कांड्या भरणं तर केव्हाचं बंद केलेलं. ताट आम्ही वाढायचो, दप्तर मी उचलायची, वेणीसुद्धा...

"कामाला लावा त्याला," त्या म्हणाल्या. "पडू दे. उचलेल."

माय म्हणाली, "मॅडम, आवाज ऐकवता काय? धोट्याचा."

ती तपासणी त्या दिवशी करायची नव्हती. पण बाईंनी मायकडे बघितलं, तिच्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं, आणि पलीकडच्या खोलीत घेऊन गेल्या. जेली लावली. लहानी म्हणाली, "कानात नको." आवाज आला. सप्... सप्... सप्. सावकाश. उन्हाळ्यात दुपारी गिऱ्हाईक नसताना माय विणते तसा, कुठंच जायची घाई नसलेला. माय डोळे मिटून ऐकत होती, आणि तिचा उजवा पाय, पावडी दाबतो तो, जमिनीवर हळूहळू हलत होता.

भंडाऱ्याच्या बसस्टँडवर बाबा होते. सकाळी जिथं सोडले त्याच खांबाजवळ. त्यांनी पहिल्यांदा लहानीचे कापलेले केस बघितले आणि त्यांचं तोंड पडलं. लहानीनं घाईघाईनं सांगितलं, "बाबा, काही नाही झालं, मायनं वेणीत तार टाकली होती, मशीन घाबरलं." बाबांनी तिचं डोकं हातात धरलं, सगळ्या बाजूंनी चाचपलं, आणि आमच्या पिशव्या घेतल्या.

आमच्या पुढच्या पत्रकात मी एक ओळ घातली: एमआरआयला जाताना जरीचं काही अंगावर, केसात नको. छापणारा म्हणाला, ताई, ही ओळ काढली तर विळ्याचं चित्र मोठं होईल. मी ओळ ठेवली. अड्याळच्या बाजारात एका बाईनं ती मोठ्यानं वाचली आणि आपल्या लुगड्याचा काठ चिमटीत धरून बघत राहिली. ती मागवाल्यांच्याच घरची असावी.

मायनं त्या वेणीतली जर मोकळी केली, बसून, सुईच्या टोकानं, एकेक केस बाजूला करत. मग ती नव्या लुगड्याच्या काठात सांधली. विणणाऱ्यांच्या घरी जर टाकत नाहीत. ते लुगडं कोण्या बाईनं नेलं, कोणत्या गावी, आम्हाला माहीत नाही.

लहानी पुन्हा रहाटावर बसते. डाव्या हातानं कांडी भरते, तोंडानं अखंड बडबड. बोलणं हल्ली माझ्यासारखं झालं आहे, शिव्यांसकट, आणि घरात कोणालाही त्याचं आश्चर्य वाटत नाही. काल मी उंबऱ्यात पत्रकांच्या घड्या घालत होते. बाबा ताण्याचं सूत उकलत होते. लहानीच्या हातून कांडी पडली, गडगडत माझ्या पायापर्यंत आली.

"पडली," ती म्हणाली.

"मंग उचल," माय म्हणाली. आतून, मागावरून.

माग थांबला नाही.